डोळे मिटून सांग

१४ ऑक्टोबर

हिल्मार,

लागोपाठ दोन शुक्रवार माझ्या दाराच्या कडीला मासा नाही. माझा नवरा ओड्वार गेल्यापासून असं कधी झालं नव्हतं. वादळ असलं तर तुम्ही शनिवारी यायचात, एकदा अंगात ताप होता तेव्हा तुमच्या लेकीच्या, योरुनच्या हाती पाठवलात, पण मासा चुकला नाही. तेव्हा तुम्ही रागावला आहात हे मला वेगळं कुणी सांगायला नको.

रागवा. पण आधी माझी बाजू ऐकून घ्या, मग काय ते ठरवा. खाडीपलीकडे बसून कानावर येतं त्यात तिखटमीठ लागलेलं असतं.

पाचवीच्या मुलांना भूगोल म्हटलं की जांभया येतात. दिशा, प्रमाण, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा. पुस्तकातला नकाशा कुठल्याशा सपाट शहराचा, जिथे आमचं एकही पोर गेलेलं नाही. मला वाटलं, आपल्या मुलांच्या घरात तर रोज नकाशा बोलला जातो. चर्चचा मनोरा अमुक खडकावर आला आणि दीपगृहाचा दिवा तमुक बेटाआडून डोकावला की तिथे गळ टाकायचा. ही काय भूमिती नाही? म्हणून मी गृहपाठ दिला: घरातून एक खूण विचारून आणा, दोन रेषा काढा, छेदतील तिथे टिंब द्या. मोठ्या कागदावर आपलं आख्खं बेट उतरलं, भोवती समुद्र, समुद्रात पोरांची टिंबं. दोन आठवडे एकही मूल खिडकीबाहेर बघत बसलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत असा वर्ग मी पाहिला नव्हता. पालकांना कॉफीला बोलावून तो नकाशा भिंतीवर लावला, हे तुम्हाला कळलंच आहे.

तुमच्या नातीचं, टिरिलचं टिंब त्यात होतं. तिने किती मेहनत घेतली तेही ऐका. पहिल्यांदा तिच्या रेषा छेदल्या त्या यान्साच्या मेंढ्यांच्या कुरणात. वर्ग हसून लोटपोट झाला. दुसऱ्यांदा फेरीबोटीच्या वाटेवर, तिसऱ्यांदा बेटाच्या भलत्याच बाजूला. गणितात कधी न चुकणारी मुलगी! पण मी पिच्छा सोडला नाही आणि चौथ्यांदा तिला जमलं. तुमच्या त्या दोन रेषा मी इथे लिहीत नाही. नकाशाही उतरवून कपाटात ठेवला आहे.

तो शाळेचा गृहपाठ होता, हिल्मार. त्याहून जास्त काही नाही. कोळ्याच्या घरी अशा जागा गुपित ठेवण्याचं एवढं असतं हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, नाही आलं. मी डोंगरातली. ही खारी माणसं मला अजून पुरती कळलेली नाहीत, असं तुम्हीच म्हणता.

पण टिरिल दोन्ही शनिवारी लाइफ जॅकेट घालून धक्क्यावर उभी होती. दुपारी फेरी येऊन गेली तरी उभीच. तुमची होडी आली नाही. राग माझ्यावर काढा. पोर दहा वर्षांची आहे.

आस्लाउग

९ नोव्हेंबर

हिल्मार,

परवा तुम्ही दार उघडलं नाहीत. आत रेडिओ चालू होता आणि कॉफीचा वास येत होता, म्हणजे झोपला नव्हतात. मी पायरीवर उभी राहून बोलले, तुम्ही आतून एकच वाक्य बोललात. तेही माझ्यासाठी नव्हतं. "ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, त्याला मी होडीत घेत नाही."

ते टिरिलच्या कानावर गेलं आहे. माझ्याकडून नाही. पण या बेटावर पायरीवरचं बोलणं पायरीवर राहत नाही.

स्टियानचंही तुम्हाला कळलं असणारच. तुमच्या जागेवरून त्याने आठवड्यात तीन हॅलिबट मासे काढले. त्यातला एक माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा होता, तो उचलायला धक्क्यावर चौघे लागले. फोटो काढायला पोरं धावली. टिरिल गेली नाही. ती दुकानाच्या भिंतीशी पाठ लावून उभी राहिली आणि लोक पांगल्यावर एकटी जाऊन त्या माशाकडे बघून आली. एवढं वाढायला त्या माशाला किती वर्षं लागतात हे तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं. तुम्ही दर नाताळला एक काढायचात आणि बाकीचे खाली राहू द्यायचात.

मी स्टियानला गाठलं. तो जाळी धूत होता.

"लाज नाही वाटली?" मी म्हटलं.

"कसली लाज? भिंतीवर लावलं होतंस. मी काय कुणाच्या घरात शिरलो?"

"ती मुलांची चित्रं होती."

"आस्लाउग, तुझ्या त्या नकाशावर एक सोडून बाकी सगळ्या थापा होत्या. माझ्या पोराला मीच सांगितली होती, तिथे चिखलाशिवाय काही नाही. झाडून सगळ्या बापांनी थापा मारल्या. आम्ही कॉफी पिताना एकमेकांना डोळे मारत होतो. तुला काय खरंच वाटलं, वाफलवर चीज लावता लावता कुणी हॅलिबटची जागा वाटून टाकेल?"

मला खरंच वाटलं होतं. सगळ्या बेटाला ठाऊक होतं की ही गंमत आहे, आणि मी एकटी मोजपट्टी घेऊन त्या थापांची अंतरं मोजत होते. मग मी त्याला विचारलं, हिल्मारची तेवढी खरी हे तुला कसं कळलं? त्यावर तो जे म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. जाऊ दे.

तो आता तिकडे जाणार नाही म्हणाला. "राहिलंय काय तिथे," असंही म्हणाला. बैल गेला आणि झोपा केला, तसलं हे वचन.

योरुनला मी विचारलं, टिरिल घरी काय बोलते? म्हणाली, काही नाही. आईने खोदून विचारलं तेव्हा एवढंच, "मी सांगितलं, हे खरंच आहे."

आस्लाउग

१६ जानेवारी

हिल्मार,

नाताळ झाला. तुमच्या हॅलिबटशिवायचा माझा हा पहिला नाताळ. मी दुकानातला कॉड उकडला. योरुनकडे तुम्ही जेवायला गेला होतात पण टिरिलशी बोलला नाहीत, बटाटेसुद्धा तिच्याकडे न मागता योरुनकडे मागितलेत, हे मला कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नका.

तुमची होडी सबंध हिवाळा शेडमध्ये उलटी पडून आहे. तुम्ही हवेला घाबरणारे नव्हतात. मला वाटतं, हा राग आता तुमचा तुम्हालाच जड जातो आहे, पण खाली ठेवायचा कुठे ते तुम्हाला सापडत नाही.

वर्गातलं सांगते. मी थांबलेले नाही. अंधार दुपारपासूनच पडतो, म्हणून विज्ञानाला ताऱ्यांचा गृहपाठ दिला: आजीआजोबा कुठल्या ताऱ्याला काय म्हणत, ते विचारून या. इतिहासाला, घरातली सर्वांत जुनी वस्तू आणा आणि तिच्या तोंडून गोष्ट लिहा. बाकीची मुलं नाचत करतात. टिरिल कागदावर नाव घालते आणि खाली लिहिते, "माहीत नाही." ताऱ्यांखाली माहीत नाही, वस्तूखाली माहीत नाही. परवा मी तिला सात आठे विचारले. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "माहीत नाही."

तिला येतं, हिल्मार. सात आठे तिला पहिलीत येत होते. तिने ठरवून टाकलं आहे की या बाईला आता कशाचंच उत्तर द्यायचं नाही.

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. मी डोंगरातली, माझ्या लक्षात आलं नाही, असं. ओड्वारबरोबर मी तेवीस वर्षं संसार केला. तो मला मासे धरायला न्यायचा तेव्हा जमिनीकडे पाठ करून बसवायचा. मी मान वळवली की म्हणायचा, "समोर बघ, तिकडे पाणी जास्त छान आहे." शेवटच्या दुखण्यात मी त्याला हसत विचारलं होतं, आता तरी सांगशील का? तो म्हणाला, "तुला सांगून काय, तू फळ्यावर लिहिशील." आम्ही दोघं खूप हसलो होतो. नंतर मी ते विसरून गेले.

म्हणजे मला माहीत होतं. फक्त मला माझ्या वर्गाचा नकाशा इतका आवडला होता की मी ते आठवू दिलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते हेच.

उत्तर पाठवा. दोन ओळी, शिव्या असल्या तरी चालतील.

आस्लाउग

९ मार्च

हिल्मार,

आज दुकानात योरुन भेटली. मी तिला म्हटलं, तुझ्या बाबांना तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही, एवढा ताठा बरा नव्हे. तिने हातातली टोपली खाली ठेवली.

"कोण वाचणार तुझी पत्रं?"

"म्हणजे?"

"ब्रेडच्या डब्याखाली पडली आहेत, फोडलेलीसुद्धा नाहीत. बाबांना दोन वर्षांपासून समोरचं दिसत नाही. कडेकडेचं तेवढं दिसतं. बिल आलं, पत्र आलं, तर टिरिल वाचून दाखवायची."

"आणि समुद्रात?"

"समुद्रातही तीच. ती पुढे बसून सांगायची मनोरा कुठे आला, दिवा कुठे आला. ते मागे सुकाणू धरायचे. मला कळू दिलं नव्हतं दोघांनी. मी जाऊ दिलं नसतं ना. टिरिलने मला नाताळानंतर सांगितलं, आजोबा एकटे होडी काढतील म्हणून घाबरून."

मी म्हटलं, मग तू वाचून दाखव माझी पत्रं. तर म्हणाली, "मी नाही. तुझं तू निस्तर."

तेव्हा तुमची होडी रागाने उलटी पडलेली नाही. तुमचे डोळे धक्क्यावर लाइफ जॅकेट घालून उभे होते, आणि ते मी तुमच्यापासून तोडले. तुम्हीही तोडलेत, पण सुरुवात माझी.

हे पत्र तुम्ही वाचणार नाही हे मला आता ठाऊक आहे. म्हणूनच कदाचित इथे खरं लिहिता येईल.

स्टियान काय म्हणाला होता ते सांगते. मी विचारलं होतं, हिल्मारची खूण खरी हे तुला कसं कळलं? तो म्हणाला, "तूच सांगितलंस. हातात कप घेऊन, सगळ्यांसमोर. पोरगी तीनदा चुकली, मग मी तिच्याजवळ बसले आणि चौथ्यांदा बरोबर काढून घेतलं, असं कौतुकाने सांगत होतीस. थाप कुणी इतक्या वेळा बदलतं का? ती पोर काहीतरी लपवत होती. तू ते उपसून काढलंस आणि वर आम्हाला दाखवलंस."

मेंढ्यांच्या कुरणात, हिल्मार. तुमच्याबरोबर दोन वर्षं समुद्रात रेषा जुळवणारी मुलगी मेंढ्यांच्या कुरणात मासे दाखवते आणि मला वाटतं तिचं चुकलं! इतर पोरांना बापांनी थापा पढवून पाठवलं होतं. तिने तुम्हाला काही विचारलंच नव्हतं. तिने स्वतः रचल्या. वर्ग हसला तेव्हा ती खाली मान घालून हसू देत होती. गणितातली हुशारी लोकांसमोर गहाण टाकली तुमच्यासाठी, तीनदा.

आणि मग मी तिला शाळा सुटल्यावर थांबवलं. गरम चॉकलेट करून दिलं. मी रागावले नाही, मी कधीच रागावत नाही, माझी ख्यातीच आहे तशी. मी तिच्या शेजारच्या छोट्या खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "डोळे मिटून सांग. तू होडीत आहेस. आजोबा म्हणतात, थांब. काय दिसतं?"

शिकवण्याची ही माझी सर्वांत चांगली युक्ती आहे. दुसऱ्या गावच्या शिक्षकांना मी ती शिकवून आले आहे. तिने डोळे मिटले. मग तिला दिसलं, आणि तिला दिसलं ते तिने सांगितलं, कारण मुलांना डोळे मिटून खोटं बोलता येत नाही. मी पेन्सिल घेऊन तयारच होते.

डोळे उघडल्यावर कागदावरचं टिंब बघून ती म्हणाली, "हे खोडता येईल?" मी म्हटलं, "आता कशाला खोडायचं, आता तर बरोबर आलंय."

हे वाक्य मला हल्ली चहा पिताना, जिना चढताना, केव्हाही ऐकू येतं.

आस्लाउग

१० मार्च

*(वर्गातल्या चार्ट पेपरवर, काळ्या जाड पेनाने, हाताएवढ्या अक्षरांत)*

हिल्मार,

टिरिल तीनदा मुद्दाम चुकली.

तुमच्यासाठी.

तिने सांगितलं नाही.

मी काढून घेतलं.

आस्लाउग

२४ जून

हिल्मार,

हे पत्र पुन्हा नेहमीच्या अक्षरात लिहिते आहे, कारण ते कोण वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. टिरिल, सावकाश वाच. स्वल्पविरामाला थांबायचं असतं, हे तुला सांगायची गरज नाही, तरी सांगते. सवय आहे.

तो चार्ट पेपर योरुनने तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला आणि तुम्ही मान तिरकी करून, कडेकडेने, एकेक अक्षर लावत बराच वेळ त्याच्यासमोर उभे होतात, असं ती म्हणाली. मग म्हणालात, "मास्तरणीचं अक्षर काय भिकार आहे." आणि दुसऱ्या दिवशी शेडचं दार उघडलंत. मला आणखी तपशील हवे होते. योरुनने दिले नाहीत, आणि मी मागितले नाहीत.

पण मे महिन्यात एका शनिवारी खिडकीशी बसले असताना तुमच्या इंजिनाचा आवाज ओळखला. तो खोकल्यासारखा आवाज दुसऱ्या कुठल्या इंजिनाचा नाही. दोघं होतात. पुढे लाल जॅकेट. मी पडदा ओढून घेतला. तुम्ही कुठल्या दिशेला वळता ते मला दिसायला नको होतं.

तुमच्या जुन्या जागेवर आता काही नाही, हे सगळं बेट म्हणतं. ते मी भरून देऊ शकत नाही. तीस वर्षांचा मासा तीस वर्षांनीच येतो. तेव्हा तुम्ही नसाल, मीही नसेन, टिरिल चाळिशीची असेल.

टिरिल, पुढचं वाक्य मोठ्याने वाच, गाळू नकोस. माझं चुकलं, आणि तुझं काहीच चुकलं नव्हतं. हे मी तुला वर्गात सांगायला हवं होतं, जिथे सगळे हसले होते तिथे. मी शेवटच्या दिवसापर्यंत रोज ठरवलं आणि रोज घंटा होऊ दिली. मोठी माणसं अशीही असतात. आता सुट्टी लागली म्हणून कागदावर सांगते आहे, हे धाडसाचं काम नाही, हे मला कळतं.

शाळेत मी हल्ली पुस्तकातले गृहपाठ देते. सुट्टी लागायच्या आधी स्टियानचा पोरगा म्हणाला, "आस्लाउग, तू कंटाळवाणी झालीस." झाले खरी. पुढच्या वर्षी पुन्हा काही सुचेल, गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पण मुलांच्या घरातून काही मागवताना हात थबकतो. तो थबकलेलाच बरा.

दाराच्या कडीला अजून मासा नाही. मी त्याची वाट बघते असं समजू नका. बघते, पण तसं समजू नका.

आणि कालचं. काल सेंट हान्सच्या, उन्हाळ्याच्या सणाच्या शेकोटीला तुम्ही आला नव्हतात, म्हणून सांगते. टिरिल, तू हे जसंच्या तसं वाच. सगळे किनाऱ्यावर होते, सॉसेज भाजत होते. टिरिल माझ्या शेजारून लाकडं घेऊन गेली. तिच्या हाताला मासळीचा वास येत होता आणि दोरीने तळवे सोलले होते. मी विचारलं, "कुठे गेला होतात?"

ती थांबली. जानेवारीपासून, खरं तर सप्टेंबरपासून, तिने मला कशाचं उत्तर दिलं नव्हतं.

"समुद्रात," ती म्हणाली.

पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर आलाच होता. मी सॉसेजचा घास तोंडात घातला आणि चावत राहिले. मी आणखी काही विचारते का हे बघत ती तिथे थोडा वेळ उभी होती. मग गेली.

आस्लाउग